केसांवरच्या लाटा आणि जोसेफिन बेकर

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने जुन्या काळच्या वेशभूषांचा कार्यक्रम करायचे ठरवले. शंभर वर्षांपूर्वीचे पॅरिस हा प्रवेश माझ्या तीन मैत्रिणींच्या वाट्याला आला आणि त्यांची केशभूषा माझ्या गळ्यात पडली. मी पडले वाणिज्य शाखेची. ताळेबंद जुळवताना घाम फुटतो, तिथे केसांच्या लाटा कुठून जुळवणार? शेवटी शहापुरात राहणाऱ्या मावशीला शरण गेले. घराच्या पुढच्या खोलीत तिचे छोटेसे ब्यूटी पार्लर आहे.

त्या काळच्या छायाचित्रांत बायकांचे आखूड केस डोक्याला अगदी चिकटून बसलेले आणि तरीही पाण्यावर वारा यावा तसे लाटालाटांचे दिसतात. केसांना लाटा आणायची कला त्याआधीची. पॅरिसच्या मार्सेल ग्रातो या केशकर्तनकाराने १८७२ च्या सुमारास तापवलेल्या चिमट्याने अशा लाटा घालायला सुरुवात केली होती. परंतु मावशीने मला शिकवल्या त्या बोटांच्या लाटा. त्यांना आग लागत नाही. दोन बोटे, एक फणी आणि केस धरून ठेवणारा चिकट रस एवढे भांडवल पुरते. तो रस मावशीने जवस उकळून आणि गाळून केला. चटणीचे जवस डोक्याला लावलेले पाहून माझ्या कन्नड मैत्रिणीची अज्जी पोट धरधरून हसली. तिच्या लेखी अगसी खाण्याची वस्तू! पण पूर्वी युरोप-अमेरिकेतही बायका जवसाचाच रस वापरत, आणि आपल्याकडच्या कांडोळ झाडाचा डिंक तिकडे अशाच कामासाठी जात असे.

कृती ऐकायला सोपी आहे. ओल्या केसांना रस लावून भांग पाडायचा. डाव्या हाताची तर्जनी केसांवर आडवी दाबून धरायची आणि बोटाखालचे केस फणीने एका बाजूला सरकवायचे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या चिमटीत केसांचा जो उंचवटा येतो तो दाबून पक्का करायचा. मग बोट खाली घेऊन पुढचे केस उलट दिशेला सरकवायचे. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, असे करीत कानापर्यंत उतरायचे. आणि त्यानंतर स्वस्थ बसायचे. केस पुरते वाळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मला हेच जमले नाही. घाईघाईने फणी फिरवली आणि तासाभराची मेहनत एका क्षणात विस्कटली. मावशी रागावली नाही. तिने मैत्रिणीचे डोके पुन्हा भिजवले आणि आरशाशेजारी चिकटवलेल्या एका जुन्या चित्राकडे बोट दाखवले. कपाळावर स्वल्पविरामासारखी वळलेली बट, डोक्याला चापूनचोपून बसवलेले चमकदार केस आणि सगळ्या चेहऱ्यावर पसरलेले हसू. ते चित्र जोसेफिन बेकरचे होते. त्या एका चित्रामुळे मी तिच्या आयुष्याच्या मागे लागले. जे वाचायला मिळाले ते माझ्या वाचकमित्रांपुढे ठेवते.

जोसेफिनचा जन्म ३ जून १९०६ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात झाला. घरात अठराविश्वे दारिद्र्य. आई कॅरी लोकांचे कपडे धुऊन संसार चालवी. वडिलांचे छत्र नव्हतेच. आठव्या वर्षी ही पोर गोऱ्या लोकांच्या घरी धुणीभांडी करू लागली. कपड्यांना साबण जास्त वापरला म्हणून एका मालकिणीने आपला हात उकळत्या पाण्याने भाजला होता, ही आठवण ती पुढे मोठेपणी सांगत असे. जुलै १९१७ मध्ये नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईस या गावात गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची घरे पेटवली, माणसे मारली. जीव मुठीत धरून मिसिसिपीवरच्या पुलावरून पळत येणारी कुटुंबे अकरा वर्षांच्या जोसेफिनने पाहिली. ते दृश्य तिच्या मनातून कधी पुसले गेले नाही.

याच सेंट लुईसमध्ये केसांचाही एक इतिहास घडत होता. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कुरळ्या, दाट केसांना गोरा समाज नावे ठेवी. त्यांना साजतील अशी तेले आणि मलमे बाजारात मिळत नसत. ॲनी मलोन या कृष्णवर्णीय बाईंनी १९०२ मध्ये याच शहरात त्या मालाचा व्यवसाय आणला आणि १९१८ मध्ये पोरो कॉलेज नावाची मोठी संस्था उभी केली. पुढे अमेरिकेत गाजलेल्या उद्योजिका मादाम वॉकर यादेखील १९०५ पर्यंत याच गावात लोकांचे कपडे धूत होत्या आणि मलोनबाईंचा माल विकून त्यांनी धंद्याचा श्रीगणेशा केला. जोसेफिन जन्मली ती अशा गावात. जी गोष्ट लोक हिणवतात तिच्यातूनच मानाने पोट भरता येते, याचा धडा तिथे घराघरांतून गिरवला जात होता.

जोसेफिन शाळेत रमली नाही. तेराव्या वर्षी हॉटेलात वाढपी झाली, त्याच वर्षी तिचे लग्न लागले आणि मोडलेही. पंधराव्या वर्षी दुसरे लग्न झाले. तेही टिकले नाही, पण त्या नवऱ्याचे बेकर हे आडनाव मात्र तिने जन्मभर वापरले. रस्त्यावर नाचून चार पैसे मिळवणारी ही मुलगी फिरत्या नाटक मंडळीत शिरली. त्या सुमारास 'शफल अलाँग' हे कृष्णवर्णीय कलावंतांचे संगीत नाटक न्यूयॉर्क गाजवीत होते. तिथे तिला लहान आणि हडकुळी म्हणून परत पाठवले. तिने मग त्याच मंडळीत नटींचे कपडे सांभाळण्याची नोकरी धरली. पडद्याआड उभी राहून सगळी गाणी, सगळे नाच तिने पाठ केले. एके दिवशी रांगेतली एक मुलगी आली नाही आणि जोसेफिन तिच्या जागी उभी राहिली. रांगेच्या अगदी टोकाला उभी राहून ती मुद्दाम पाऊल चुकवी, डोळे फिरवी, आणि प्रेक्षक इतर मुलींना विसरून हिच्याकडेच पाहत राहत.

सप्टेंबर १९२५ मध्ये एक मंडळी तिला जहाजाने फ्रान्सला घेऊन गेली. २ ऑक्टोबर १९२५ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे नाट्यगृहात 'रेव्ह्यू नेग्र' या कार्यक्रमाचा पहिला प्रयोग झाला. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून वर्षभराने लहान. अंगावर पिसांखेरीज फारसे काही न घालता ती नाचली आणि रातोरात सगळ्या पॅरिसच्या तोंडी तिचे नाव झाले. पुढच्या वर्षी 'फोली बर्जेर' या प्रसिद्ध नाट्यगृहात कृत्रिम केळ्यांचा घागरा घालून केलेल्या तिच्या नाचाने तर कळसच केला.

इथे थोडे थांबावेसे वाटते. हा तिचा मान होता की अपमान? टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांपैकी अनेकांना तिच्यात आफ्रिकेच्या रानातली बाई पाहायची होती. आणि ती तर अमेरिकेतल्या शहरात वाढलेली! लोकांच्या मनातले ते चित्र खोटे आहे हे तिला पक्के ठाऊक होते. तरीही तिने ते नाचून दाखवले, डोळे फिरवून त्याचीच थट्टाही केली, आणि प्रेक्षकांना आपल्या तालावर नाचवले. पोटासाठी केलेली ही तडजोड होती, हे झाकण्यात अर्थ नाही. पण तडजोड करणारी बाई त्या ठिकाणी थांबली नाही, हे अधिक महत्त्वाचे.

तिच्या केसांची गोष्ट इथेच येते. तिने आपले केस मुलासारखे आखूड कापून, मलमाने डोक्याला चिकटवून, आरशासारखे चकचकीत ठेवले. कधी कानाजवळ लाट, कधी कपाळावर बट. पॅरिसच्या गोऱ्या, श्रीमंत बायका तिच्यासारखे डोके करून घेण्यासाठी धडपडू लागल्या. ज्या केसांवरून तिच्या आईच्या पिढीने टोमणे खाल्ले, त्याच केसांची नक्कल करण्यासाठी आता पैसे मोजले जात होते. आंत्वान हा त्या काळचा नामवंत केशरचनाकार तिच्यासाठी खास टोप बनवीत असे. आणि मग बाजारात 'बेकरफिक्स' आले. बेकरफिक्स म्हणजे केस चापून बसवण्याचे मलम, डबीवर तिचे नाव आणि तिचेच चित्र. हे मलम अनेक वर्षे खपले आणि रंगमंचाबाहेर तिला मोठी मिळकत देऊन गेले.

हिशेबशास्त्रात आम्हाला ख्याती नावाची एक मालमत्ता शिकवतात. इमारत दिसते, यंत्र दिसते, गोदामातला माल मोजता येतो. ख्याती मात्र डोळ्यांना दिसत नाही. तरीही धंदा विकताना तिची किंमत वेगळी लावली जाते. वर्गात हे प्रकरण मला नेहमी हवेतले वाटे. बेकरफिक्सची डबी माझ्यासमोर आली आणि उलगडा झाला. डबीतल्या मलमाची किंमत ती काय! बायका विकत घेत होत्या ते जोसेफिनचे नाव.

हे नाव तिने फक्त पैशासाठी राखले नाही. १९३७ मध्ये फ्रेंच उद्योजक जाँ लियाँ यांच्याशी लग्न करून ती फ्रान्सची नागरिक झाली. दोनच वर्षांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. फ्रेंच हेरखात्याचे अधिकारी झाक अब्ते यांनी तिला गुप्त कामासाठी विचारले आणि तिने होकार दिला. नामवंत कलावतीच्या सामानाची झडती कोण घेणार? गाण्यांच्या स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेली जर्मन सैन्याची माहिती तिच्या सामानातून १९४० मध्ये पोर्तुगालला पोहोचली. जी प्रसिद्धी लोकांना केवळ करमणूक वाटत होती, तिचीच तिने ढाल केली. पुढे मोरोक्कोत ती गंभीर आजारी पडली, ती मेल्याचीही बातमी पसरली. बरी होताच उत्तर आफ्रिकेतल्या सैनिकांच्या छावण्यांतून ती गात फिरली, आणि त्या कार्यक्रमांत काळे-गोरे सैनिक वेगळे बसवायचे नाहीत असा तिचा आग्रह असे. तिला प्रतिकार-चळवळीचे पदक मिळाले आणि १९६१ मध्ये 'लीजन ऑफ ऑनर' व 'क्रवा द गेर' हे सन्मानही तिच्या छातीवर लागले.

मातृभूमीशी मात्र तिचे जमता जमेना. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ती अपयशी ठरली. १९४८ मध्ये गोऱ्या पतीबरोबर अमेरिकेत गेली तेव्हा एकामागून एक हॉटेलांनी खोली नाकारली. सगळ्या पॅरिसने डोक्यावर घेतलेल्या बाईला स्वतःच्या देशात रात्रीपुरती पाठ टेकायला जागा मिळेना! पण १९५१ मध्ये मायामीच्या एका क्लबने बोलावले तेव्हा तिने अट घातली की प्रेक्षकांत सर्व वर्णांच्या लोकांना प्रवेश असेल तरच गाईन. क्लबला ती अट मानावी लागली. इथे मला तिच्या ख्यातीचे खरे मोल दिसते. स्वतःच्या मानधनात चार पैसे वाढवून घेण्याऐवजी तिने आपल्या नावाच्या बदल्यात दुसऱ्यांसाठी दार उघडून घेतले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ऐतिहासिक मोर्चात ती व्यासपीठावर उभी राहून बोलली. त्या दिवशी तिच्या अंगावर पिसे नव्हती, केळी नव्हती. फ्रान्सच्या सैन्याचा गणवेश होता आणि त्यावर पदके.

आता तिच्या आयुष्यातली खर्चाची बाजू. दक्षिण फ्रान्समधील मिलांद नावाचा जुना वाडा तिने १९४७ मध्ये विकत घेतला. चौथे पती झो बुयाँ यांच्यासह तिने जपान, फिनलंड, कोलंबिया, अल्जीरिया अशा देशोदेशींची एकूण बारा मुले दत्तक घेतली. वेगवेगळ्या वर्णांची आणि धर्मांची मुले भावंडांसारखी नांदू शकतात, हे तिला जगाला दाखवायचे होते. हेतू उदात्त होता, पण पर्यटक येऊन या मुलांकडे पाहत आणि आई वर्षातले कितीतरी महिने दौऱ्यावर असे. मुलांच्या मनाला काय वाटत असेल, हा प्रश्न आज आपल्याला टोचतो. शिवाय व्यवहाराचे गणित तिला कधीच उमगले नाही. वाडा, बाग, हॉटेल, जनावरे, नोकरचाकर यांचा खर्च उत्पन्नाच्या कितीतरी पुढे गेला. कर्जाचा डोंगर झाला. १९६८ मध्ये वाड्याचा लिलाव झाला आणि १९६९ मध्ये तिला तिथून बाहेर काढण्यात आले. साठी ओलांडलेली जोसेफिन वाड्याच्या पायरीवर पावसात बसून राहिली, तिचे ते छायाचित्र वर्तमानपत्रांतून जगभर गेले. डोक्यावर टोप नाही, केसांत लाटा नाहीत. आरशाशेजारच्या चित्रातली ती हीच बाई, यावर विश्वास बसत नाही.

आमच्या पुस्तकी नियमांप्रमाणे इथे खाते बंद व्हायला हवे होते. मालमत्ता शून्य, देणी डोईजड. पण लिलावात वाडा विकला गेला, नाव विकले गेले नाही. मोनॅकोची प्रिन्सेस ग्रेस हिने मदतीचा हात दिला आणि मोनॅकोजवळ तिला मुलांसह राहायला घर मिळाले. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती पुन्हा उभी राहिली. एकेकाळी जिथे अपयश घेतले त्याच शहराने या वेळी उभे राहून तिचे स्वागत केले. ८ एप्रिल १९७५ रोजी पॅरिसच्या बोबिनो नाट्यगृहात तिच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीवरचा कार्यक्रम थाटात सुरू झाला. त्यानंतर चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, मेंदूतील रक्तस्रावाने तिचे निधन झाले. पॅरिसमध्ये लष्करी इतमामात तिला निरोप देण्यात आला आणि मोनॅकोत तिचे दफन झाले.

कथा एवढ्यावरही संपत नाही. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी फ्रान्सने तिला पाँतेऑन या स्मारकात स्थान दिले. तिथे त्या राष्ट्राचे थोर पुरुष आणि मोजक्याच स्त्रिया विसावल्या आहेत. त्यांत स्थान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिचे अवशेष मोनॅकोतच राहिले. पाँतेऑनमध्ये जी पेटी नेली तीत सेंट लुईस, पॅरिस, मिलांद आणि मोनॅको या चार ठिकाणांची माती होती. सेंट लुईसची माती! जिथे तिचा हात भाजला गेला, जिथून माणसे पुलावरून पळत आली, त्या गावची माती तिच्या सन्मानाच्या पेटीत मानाने गेली.

मावशीकडे तिसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. लाटा घातल्या, जाळी बांधली आणि केस वाळेपर्यंत हाताची घडी घालून बसले. स्नेहसंमेलनाच्या रात्री मैत्रिणींच्या डोक्यावरच्या लाटा शेवटपर्यंत टिकल्या. लोक म्हणतील, एका रात्रीची हौस ती! खरे आहे. दुसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतले की त्या गेल्या. पण त्या लाटा घालताना एक गोष्ट बोटांना कळली. केस इकडे दाबले जातात, तिकडे दाबले जातात, आणि दाबाच्या त्या दोन जागांमध्येच लाट उभी राहते. जोसेफिनलाही एका देशाने एका बाजूला ढकलले, दुसऱ्या देशाने आपल्या हौसेच्या साच्यात दाबले. ती त्या दोहोंच्या मधोमध उभी राहिली.

परीक्षेत ख्यातीवर प्रश्न आला तर मी व्याख्या पुस्तकातलीच लिहीन, कारण गुण त्यालाच मिळतात. पण त्या मालमत्तेचे मोल कसे ठरते ते मला जोसेफिन बेकरने शिकवले. नाव किती किमतीला विकले, हा पहिला आकडा. त्या नावाने कोणासाठी दार उघडले, हा दुसरा. पहिला आकडा मिलांदच्या लिलावात बुडाला. दुसरा अजून वाढतोच आहे.